'टेनेशस' हे कौतुक की टोमणा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात आहात. यंदाच्या कामगिरी अहवालात साहेबांनी तुमच्याबद्दल इंग्रजीत 'टेनेशस' असा शब्द लिहिलाय. मोबाइलवरच्या कोशात त्याचे 'हट्टी, चिवट, चिकट, घट्ट धरून ठेवणारा' असे अर्थ निघाले, आणि आता पेढे वाटायचे की साहेबांना जाऊन विचारायचं, हे कळेना झालंय. शिवाय दुसरीकडे मराठीतून अर्ज करायचा आहे, त्यात हा गुण काय म्हणून लिहू? आणि हा शब्द मुळात आला कुठून?

मी गेली २४ वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. कथा-कविता नव्हे. औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, जमिनीची कागदपत्रं, सूतगिरण्यांचे चाचणी अहवाल, असलं रुक्ष काम. हा शब्द मला या सगळ्या ठिकाणी भेटलाय आणि दर वेळी वेगळं मराठी मागून गेलाय. त्यामुळे तुमचा कोश खोटं बोलत नाहीये. त्याने चार घरचं जेवण एकाच ताटात वाढलंय, इतकंच.

घाईत असाल तर एवढं वाचून थांबा: बहुतेक करून ते कौतुकच आहे. 'बहुतेक' का म्हणते, ते सांगायला मात्र जरा मागे जावं लागेल.

आधी उच्चार, कारण साहेबांना विचारायला गेलात तर लागेल. जोर 'ने' वर द्यायचा, पहिलं अक्षर ऱ्हस्वच: टि-ने-शस. त्याचं नाम टिनॅसिटी. आपल्याकडे 'टेनेशस', 'टेनॅसिटी' म्हणतात, त्यानेही काही बिघडत नाही. मीही इथे तसंच लिहिते.

मूळ लॅटिन. 'तेनेरे' म्हणजे धरणे. त्यावरून 'तेनाक्स', म्हणजे धरून ठेवण्याची खोड असलेला. 'खोड' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. लॅटिनमधला हा 'आक्स' प्रत्यय आपल्या 'खोर' किंवा 'आड'च्या जवळचा आहे. त्याच प्रत्ययाचे 'लोक्वाक्स' म्हणजे बोलघेवडा, 'व्होराक्स' म्हणजे खादाड, 'पुग्नाक्स' म्हणजे भांडखोर. इंग्रजीत त्यांचेच लोक्वेशस, व्होरेशस, पग्नेशस झाले. या रांगेत उभं केलं की तेनाक्सचं मराठी 'धरखोर' असं करावंसं वाटतं. असा शब्द मराठीत नाही, पण कल्पना येईल. या भावंडांपैकी बहुतेकांच्या अंगात 'जरा जास्तच' ही छटा आहे. टेनेशस त्यातल्या त्यात शहाणा निघाला, पण रक्त तेच.

'टेनॅसिटी' हे नाम इंग्रजीत १५ व्या शतकात आलं आणि 'टेनेशस' हे विशेषण १७ व्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांचे नातेवाईक मात्र तुमच्या रोजच्या बोलण्यात आहेत. सोसायटीचा मेंटेनन्स घ्या. 'मेन' म्हणजे फ्रेंचमध्ये हात आणि 'तनीर' म्हणजे धरणे, तेव्हा मेंटेनन्स म्हणजे हाताने धरून ठेवणं. (आमच्या सोसायटीत ते दर महिन्याला हात धरून मागावं लागतं, ते वेगळं.) टेनंट म्हणजे जमीन किंवा घर धरणारा. आपल्या १९४८ च्या कूळ कायद्याच्या इंग्रजी नावात जे 'टेनन्सी' आहे ते हेच. सातबाऱ्यावर 'भूधारणा पद्धती' असा रकाना असतो, तिथे इंग्रजीतल्या 'टेन्युअर'साठी मराठी महसूल खात्याने 'धारणा' शब्द नेमला. ज्याने कोणी नेमला त्याला लॅटिन येत होतं की नाही कोण जाणे, पण नेमका बसलाय.

माझा सगळ्यात आवडता शब्द लेफ्टनंट. 'ल्यू' म्हणजे जागा, आणि पुढचा भाग 'धरणारा'. वरिष्ठ नसेल तेव्हा त्याची जागा धरून ठेवणारा. यष्टीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या प्रत्येकाला या हिशेबाने लेफ्टनंट म्हणायला हवं. टेनिस हा शब्दही फ्रेंच 'तने!' वरून, म्हणजे 'हं, धरा!' या हाकेवरून आला असं मानतात. चेंडू मारणारा समोरच्याला तसं ओरडून सांगायचा.

म्हणजे शब्दाच्या पोटात 'धरणं' आहे. आता धरणं चांगलं की वाईट, हे काय धरलंय त्यावर ठरतं. रोमन लोकांनी हे फार लवकर ओळखलं होतं. त्यांच्याकडे तेनाक्सचा एक सर्रास अर्थ होता कंजूष. पैसा धरून बसणारा, मुठीतून दमडी न सोडणारा. आता मराठीकडे पाहा. आपल्याकडे 'चिकट'वरून 'चिकाटी' झाली आणि त्याच चिकटपणाने 'चिक्कू'ही दिला. एकाच खळीच्या भांड्यातून गुणही निघाला आणि अवगुणही. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हेच केलं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

चिकट आणि चिवट यांतला फरक मात्र मला शब्दकोशाने नाही शिकवला, एका छातीच्या डॉक्टरांनी शिकवला. खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक होतं, त्यात कफाला 'टेनेशस' म्हटलं होतं. मी लिहिलं 'चिवट कफ'. तपासायला दिल्यावर डॉक्टरांनी पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, "चिवट म्हणजे रबर. चिवट वस्तू तुटत नाही. हा कफ तुटतो हो, पण सुटत नाही. नळीला धरून बसतो." मग आम्ही 'चिकट, सहज न सुटणारा कफ' केलं. तेव्हापासून मी हा शब्द आला की पहिल्यांदा स्वतःला विचारते: इथे सुटत नाहीये की तुटत नाहीये? सुटत नसेल तर चिकट, चिकाटी, पिच्छा. तुटत नसेल तर चिवट. शिळी भाकरी चिवट, हरळीची मुळी चिवट, आणि चौथ्या दिवशी दिवसभर खेळपट्टीवर उभा राहणारा फलंदाजही चिवट. क्रिकेटच्या बातम्यांत 'चिवट झुंज' लिहितात ते अगदी बरोबर आहे, कारण तिथे मुद्दा न मोडण्याचा असतो. इंग्रजीतला टेनेशस ही दोन्ही कामं एकटाच करतो, म्हणून मराठीत आणताना तो असा दुभंगतो.

जमीन-पाण्याच्या अहवालांत हाच शब्द मातीला लावतात. 'टेनेशस क्ले' म्हणजे आपली चिकण माती. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना चप्पल तळाशी राहते आणि पाय वर येतो, तो अनुभव म्हणजे लॅटिन 'तेनेरे'चा प्रत्यक्ष वर्ग.

आता सूतगिरणीची गोष्ट सांगते. ती माझ्या फजितीची आहे, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

कामाला लागून वर्षच झालं असेल. इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीचे इंग्रजी चाचणी अहवाल मराठीत करायचे होते. तक्त्यात एक ओळ होती: टेनॅसिटी, आणि पुढे आकडा १६.५. मी कोश उघडला, पहिला अर्थ घेतला आणि लिहून टाकलं: 'सुताची चिकाटी : १६.५'. कागद घेऊन लॅबमध्ये गेले. तिथल्या मामांनी चष्मा वर केला, ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "ताई, सूत काय एमपीएस्सीला बसनार हाय व्हय?" पूर्ण लॅब हसली. मीही हसले, पण कान लाल झाले होते.

मग त्यांनी मला यंत्रापाशी नेलं. सुताचा अर्धा मीटरचा तुकडा दोन चिमट्यांत धरायचा. वरचा चिमटा ओढत न्यायचा. सूत ताणतं, ताणतं, आणि टचकन तुटतं. तुटताना किती ओढ होती ते यंत्र दाखवतं. पण नुसती ओढ म्हणजे टेनॅसिटी नव्हे. जाड सूत जास्त ओढ सोसणारच, त्यात काय मोठं? म्हणून ओढीला सुताच्या जाडीने भागायचं. ३० काउंटच्या (काउंट म्हणजे सूत किती बारीक आहे त्याचा आकडा) सुती धाग्याचं एक किलोमीटर लांबीचं वजन साधारण २० ग्रॅम भरतं. ते ३३० ग्रॅमच्या ओढीला तुटलं, तर ३३० भागिले २०, म्हणजे साडेसोळा. गिरणीत याला कोणी टेनॅसिटी म्हणत नाही, 'आरकेएम किती?' असंच विचारतात. यंत्रमागवाला सूत घेताना तेच विचारतो, कारण आरकेएम कमी असेल तर मागावर धागा सारखा तुटणार आणि माग बंद पडणार.

मामांनी आणखी एक सांगितलं, ते मी विसरलेले नाही. आरकेएम साडेसोळा म्हणजे हेच सूत साडेसोळा किलोमीटर लांब टांगलं तर स्वतःच्याच वजनाने तुटेल. इचलकरंजीहून कोल्हापूरच्या निम्म्या वाटेच्याही पुढे जाईल एवढं सूत, सरळ आभाळातून खाली सोडलेलं. त्यांच्या हातात तेव्हा ते अर्ध्या मीटरचे तुटके तुकडे होते.

त्या ओळीला आम्ही शेवटी 'सुताची ताकद (आरकेएम)' केलं. कोणी हसलं नाही.

या गोष्टीतली भाषेची खरी मौज मला कितीतरी वर्षांनी कळली. लॅटिन 'तेनेरे' आणि संस्कृत 'तन्' हे धातू सख्खे आहेत. तन् म्हणजे ताणणे, पसरणे. त्यावरून तंतू, त्यावरून ताण, त्यावरून कापडातला उभा ताणा (आडवा तो बाणा), आणि संस्कृतात तंत्र म्हणजे तर चक्क माग. म्हणजे त्या लॅबमध्ये तंतू ताणून त्याची टेनॅसिटी मोजत होते, आणि ते तीनही शब्द एकाच घरचे होते. गवयाची तान त्याच घरची. इंग्रजी 'टोन' ग्रीकमधून आलेला, तोही. टेटॅनसही ग्रीक, शरीर ताणून धरणारा रोग. आपण त्याला धनुर्वात म्हणतो, म्हणजे शब्द वेगळा पण डोळ्यांसमोरचं चित्र ताणलेल्या धनुष्याचं, तेच.

आणि सतत! सम् अधिक तत, म्हणजे अखंड ताणलेलं, मध्ये खंड न पडलेलं. त्याचं नाम सातत्य. म्हणजे 'टेनॅसिटी'चं मराठी 'सातत्य' असं कोणी केलं तर अर्थाच्या दृष्टीने ते थोडं बाजूला जाईल, पण वंशावळीत ते चुलत भाऊ निघतील.

इथे एक सूचना करून ठेवते, कारण असलं काही लिहिलं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरले' असा संदेश फिरतो. तसं नाही. लॅटिनने संस्कृतातून हा शब्द घेतला नाही, आणि संस्कृतानेही लॅटिनमधून नाही. दोघींची आई एक आणि ती लिहायला लागण्याच्या खूप आधी गेली. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एक असावं असं मांडलं, आणि पुढच्या शतकात अभ्यासकांनी त्याचे नियमच बसवले. त्यातला एक सोपा: संस्कृत-लॅटिनमधला शब्दारंभीचा 'त' इंग्रजीच्या घरच्या शब्दांत 'थ' होतो. त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट. तसाच तनु आणि थिन. तनु म्हणजे बारीक, कारण ताणलेली वस्तू बारीक होते. म्हणजे एकाच धातूतून 'घट्ट' टेनेशसही आला आणि 'लेचापेचा' टेन्युअसही. कणीक ताणून बघा, दोन्ही कळेल. तुटेपर्यंत ताणू नये हे आपण म्हणतोच.

आता तुमच्या अहवालाकडे येते. साहेबांनी हाच शब्द का निवडला असेल हे कळायला त्याच्या शेजारी कोणते शब्द उभे होते ते बघायला हवं. इंग्रजीत चिकाटीच्या गल्लीत बरीच घरं आहेत.

पहिलं 'पर्सिस्टंट'. हा मूळ 'उभं राहणं' या अर्थाचा. 'सिस्तेरे' हे लॅटिन क्रियापद आणि आपलं संस्कृत 'तिष्ठति' ही एकाच घडणीची रूपं आहेत, दोन्हींत धातूचं पहिलं अक्षर दुणावलंय. मराठीत ते 'तिष्ठत बसणे' मध्ये अजून जिवंत आहे. तलाठ्याच्या दारात तिष्ठत बसलेला माणूस म्हणजे मुळाबरहुकूम पर्सिस्टंट. हा शब्द कोणाचीच बाजू घेत नाही. पर्सिस्टंट विद्यार्थी चांगला, पर्सिस्टंट खोकला वाईट. न जाणं एवढंच त्याला माहीत, बाकी तुम्ही ठरवा. आणि तुमच्या धंद्यात तर तो शब्द चक्क मनाईच्या यादीत आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये वसुली एजंटांबद्दल जे परिपत्रक काढलं, त्यात कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असं म्हटलंय, आणि त्याला लागूनच 'पर्सिस्टंटली' फोन करू नये असंही. तिथे मराठी करायचं तर 'सारखे-सारखे फोन करून भंडावू नये' असंच करावं लागेल. 'चिकाटीने फोन करू नये' असं लिहिलं तर कर्मचारी सुट्टीवर जातील. वसुली विभागातल्या माणसाबद्दल लिहिताना तुमच्या साहेबांनी पर्सिस्टंट टाळून टेनेशस घेतला असेल, तर त्यांना तो फरक कळतो असं मी समजेन.

'पर्सिव्हिअरन्स' हा जरा गंभीर चेहऱ्याचा. त्याच्या पोटात 'सेव्हेरुस' आहे, म्हणजे कडक, कठोर. इंग्रजीतला 'सिव्हिअर' तोच. यात कष्ट आहेत, सोसणं आहे. नासाने मंगळावर पाठवलेल्या गाडीला हे नाव दिलं, ती १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरो विवरात उतरली, आणि त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांनी या शब्दाची जितकी स्पेलिंगं छापली तितकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मध्ये एक जादा 'र' घालायचा मोह आवरा, एवढंच सांगते.

'स्टबर्न' आणि 'ऑब्स्टिनेट' या सरळ तक्रारी आहेत. हेका धरणारा, आडमुठा. यातला एखादा लिहिला असता तर तुम्ही इथे विचारायला आलाच नसता.

'डॉगेड' मात्र बघण्यासारखा आहे. उच्चार 'डॉ-गिड', दोन तुकड्यांत. कुत्र्यावरून आलेला, आणि सुरुवातीला ती शिवीच होती: कुत्र्यासारखा खेकसणारा, दुष्ट. कित्येक शतकांनी त्याचा अर्थ वळून 'वास धरला की माग न सोडणारा' झाला आणि शिवीचं कौतुक झालं. आपल्याकडे हा प्रवास 'जिद्द' शब्दाने केलाय. मूळ अरबीत त्याचा अर्थ विरोध, उलट बाजू. हिंदीत आजही 'ज़िद्दी' म्हटलं की हट्टी पोर डोळ्यांपुढे येतं, आई कपाळाला हात लावून ते म्हणते. मराठीत तोच शब्द सत्काराच्या शालीवर जाऊन बसला. 'जिद्दी मुलगी' हे मराठीत कौतुक, हिंदीत चहाडी. तुमच्या मोबाइलवरच्या कोशाचे मराठी अर्थ हिंदीवरून आलेले असतील तर 'हट्टी' तिथूनच घुसला असण्याची शक्यता मला दाट वाटते. स्वस्तातल्या ॲपांत हे मी फार पाहते.

आता 'बहुतेक'चा हिशेब. आजच्या इंग्रजीत, विशेषतः कार्यालयीन लिखाणात, टेनेशस माणसाला लावला की तो प्रशंसेचाच असतो: पकडलेलं काम अर्धवट न सोडणारा. पण तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. एक, त्याच्या पुढचा शब्द. 'टेनेशस इन' असेल, म्हणजे अमुक काम करण्यात टेनेशस, तर निश्चिंत व्हा. 'टेनेशस ऑफ' असेल तर तो जुन्या वळणाचा प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ 'अमुक गोष्टीला चिकटून राहणारा'. हक्क, मतं, जुन्या पद्धती. तिथे पुढे काय धरलंय ते वाचा, कारण रोमन लोकांचा कंजूष तिथेच दबा धरून बसलेला असतो. दोन, त्याच्या आधीचं क्रियाविशेषण. 'काहीसा', 'कधीकधी जास्तच' अशा अर्थाचं काही असेल तर साहेबांनी साखरेत घोळून मिरची दिली आहे. तीन, तो शेरा कोणत्या रकान्यात आहे. जमेच्या बाजूंत आहे की सुधारणेच्या रकान्यात? हे मी शेवटी सांगतेय, पण तुम्ही आधी हेच बघा. निम्मं तिथेच कळेल.

हे सगळं कळल्यावरही मनात राहिलं तर साहेबांना विचारण्यात काही कमीपणा नाही. फक्त "हे चांगलं का वाईट?" असं विचारू नका. "कोणत्या प्रकरणावरून तुम्हाला असं वाटलं?" असं विचारा. कुठल्या तरी थकीत खात्याचं नाव निघेल, आणि तेच उत्तर असेल.

मराठी अर्जाचं. इथे माझं मत ठाम आहे. 'मी चिकाटीचा आहे', 'मी जिद्दी आहे' असं स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेलं मराठीत बरं दिसत नाही. इंग्रजीत विशेषण स्वतःला लावायची पद्धत आहे, मराठीत ते दुसऱ्याने लावायचं असतं. आपण क्रियाविशेषण करावं आणि काम पुढे ठेवावं. 'थकीत कर्जप्रकरणांचा चिकाटीने पाठपुरावा केला', आणि पुढे तुमचे खरे आकडे: किती खाती, किती काळाची थकबाकी, त्यातली किती नियमित झाली. 'पाठपुरावा' हा शब्द या कामासाठी मराठीने जणू घडवून ठेवलाय, तो सोडू नका. 'चिवट' लिहू नका, तो तुमच्याबद्दल बातमीदाराने लिहावा. 'सातत्याने' चालेल, पण तो सरकारी पत्रांनी इतका वापरलाय की वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरतो. 'नेटाने' मला स्वतःला फार आवडतो, साधा आणि घरचा आहे, पण बँकेच्या अर्जात थोडा घरगुती वाटेल. मुलाखतीत तोंडी वापरा.

आणि मुलाखतीत कोणी विचारलंच, की कर्जदाराच्या खनपटीला बसता म्हणजे नेमकं काय करता, तर तिथे ८ ते ७ ची वेळ आणि एखाद्या प्रकरणात हप्ते कसे बांधून दिले ते सांगा. वसुलीतल्या माणसाने धरायचं असतं ते प्रकरण. कर्जदाराची मानगूट नव्हे, हे समोरच्याला ऐकायचं असतं.

अहवालातली ती पूर्ण ओळ इथे टाकलीत, नाव-गाव झाकून, तर नक्की सांगता येईल. निदान 'इन' आहे की 'ऑफ' तेवढं बघून कळवा.